रजेत बसवलेला स्क्रू

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात राहणारी आपली माणसं दातांची कामं शक्यतो गावी उरकतात. सलवा रोडच्या दक्षिणेला पसरलेली ही वस्ती. रस्त्यांना नावं कमी, नंबरच जास्त. गॅरेज, फॅब्रिकेशनची वर्कशॉप, गोदामं, आणि त्यांच्या मधूनमधून कामगारांचे कॅम्प. दवाखाने नाहीत असं नाही, पण दातांना तारा लावणं हे दीड-दोन वर्षांचं काम. खाजगी क्लिनिकमधला रियालमधला आकडा ऐकला की कोल्हापूर नाहीतर रत्नागिरीच्या डॉक्टरांचा भाव आठवतो. मग तारा रजेत लावून घ्यायच्या, मधल्या तपासण्या दोह्यात कुणाकडून तरी करून घ्यायच्या, आणि पुढची मोठी पायरी पुढच्या रजेत, अशी जोडणी केली जाते. ऑर्थोडॉन्टिस्टांना दुसऱ्याने सुरू केलेलं काम हातात घ्यायला फारसं आवडत नाही. तरी हे चालतं.

अडचण येते ती या मोठ्या पायरीत स्क्रू असला तर. हल्ली तो बऱ्याचदा असतो. डॉक्टर सांगतात, "हाडात एक छोटा स्क्रू बसवू, काम झालं की काढून टाकू." बसवायला पाच-दहा मिनिटं लागतात, दुखतही फारसं नाही. माणूस विमानात बसतो, कॅम्पवर परततो, आणि दोन-तीन आठवड्यांनी आरशात पाहतो तर स्क्रूभोवतीची हिरडी लालभडक, सुजलेली, ब्रश लागला की रक्त. हे का होतं, कधी काळजीचं असतं आणि काय करायचं, ते नीट क्रमाने पाहू.

हा स्क्रू खरोखर स्क्रूच असतो. व्यास साधारण १.२ ते २ मिलिमीटर, लांबी ६ ते १२ मिलिमीटरच्या आसपास. बहुतेक वेळा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, ज्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. काही जाड स्क्रू स्टेनलेस स्टीलचेही येतात. भारतीय शोधनिबंध चाळले तर पुण्याच्या एस. के. सर्जिकल्सचे स्क्रू त्यांत वरचेवर दिसतात, म्हणजे आपल्याकडे ही काही परदेशी चैनीची वस्तू राहिलेली नाही. पडलेल्या दाताच्या जागी जो इम्प्लांट बसवतात त्याच्याशी याची गल्लत करू नये. तो इम्प्लांट हाडाशी एकजीव व्हावा म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहतात. स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवला तो त्या जातीचा. तारांबरोबरचा स्क्रू मात्र मुख्यतः आट्यांच्या पकडीवर उभा असतो, आणि म्हणूनच काम संपल्यावर उलटा फिरवून निघतो.

तो लागतो कशासाठी? पुढे आलेले दात मागे न्यायचे तर जागा हवी. त्यासाठी सुळ्यामागची एक उपदाढ काढतात आणि मागच्या दाढेचा आधार घेऊन पुढचे दात ओढतात. पण जितक्या जोराने दाढ पुढच्या दातांना मागे ओढते, तितक्याच जोराने ते दात दाढेला पुढे ओढतात. न्यूटनचा तिसरा नियम तोंडातही सुटत नाही. दाढ पुढे सरकली की कष्टाने मिळवलेली जागा फुकट जाते. पूर्वी यावर डोक्याला पट्टा बांधायचा हेडगिअर देत, रोज बारा-बारा तास. तो कुणी मन लावून घालत नसे आणि डॉक्टरांनाही ते माहीत असे. दात हाडात सरकतात, हाडात घट्ट पकडलेला स्क्रू दाताच्या मानाने जवळजवळ जागचा हलत नाही. मग दाढेऐवजी स्क्रूलाच बारीक स्प्रिंग अडकवायची आणि दीड-दोनशे ग्रॅमचा जोर लावायचा. कल्पना जुनी आहे. १९४५ मध्ये गेन्सफोर्थ आणि हिग्ले यांनी कुत्र्यांच्या जबड्यात असे स्क्रू बसवून पाहिले, ते सगळे महिन्याभराच्या आत सैल पडले. १९८३ मध्ये क्रीकमोर आणि एकलंड यांनी माणसात एक स्क्रू टिकवून दाखवला, आणि १९९७ मध्ये जपानच्या कानोमी यांनी अगदी बारीक स्क्रूची पद्धत मांडली. तिथून हे घरोघरी झालं.

आता हिरडीकडे वळू.

बांधकामावर काम केलेल्या माणसाला सांगायला नको, की स्लॅब कितीही उत्तम भरला तरी गळती सुरू होते ती पाइप स्लॅबमधून बाहेर येतो त्या कडेला. स्क्रूचंही तसंच आहे. त्याचं टोक हाडात, डोकं तोंडात, आणि मधला एक-दोन मिलिमीटरचा मानेचा भाग हिरडीतून जातो. सगळं दुखणं या मानेभोवती सुरू होतं. दातही हिरडीतूनच वर येतो, पण निसर्गाने तिथे पक्कं वॉटरप्रूफिंग केलेलं आहे. हिरडीतले तंतू दाताच्या मुळावरच्या थरात आडवे घुसून रुतलेले असतात आणि पेशींची एक झालर दाताला चिकटून बसते. शिवाय मुळाभोवतीच्या पातळ पडद्यातून रक्तपुरवठा येतो, त्यामुळे जंतू आले की लढायला फौज लवकर पोचते. स्क्रूच्या धातूत तंतू रुतू शकत नाहीत. ते त्याच्या कडेने समांतर किंवा गोल फिरून जातात. रक्तपुरवठाही तोकडा. एका जंतूसाठी दाताशेजारची फट आणि स्क्रूशेजारची फट यांत मोठा फरक आहे.

त्यातही स्क्रू हिरडीच्या कोणत्या भागातून बाहेर आला यावर पुष्कळ ठरतं. आरशासमोर उभं राहून खालचा ओठ बोटांनी पुढे ओढा. दातांना लागून फिकट गुलाबी, घट्ट, संत्र्याच्या सालीसारखी बारीक ठिपकेदार पट्टी दिसेल. तिच्याखाली एक रेषा असते, आणि रेषेच्या पलीकडे गडद लाल, चकचकीत, आत लहान रक्तवाहिन्या दिसणारी सैल त्वचा. ओठ वर-खाली हलवला की लाल भाग हलतो, गुलाबी पट्टी हलत नाही. स्क्रू गुलाबी पट्टीतून आला असेल तर त्याच्याभोवतीची हिरडी स्थिर असते. लाल भागातून आला तर बोलताना, चावताना, जांभई देताना ती त्वचा दर वेळी स्क्रूवर घासते आणि फट उघडी-मिटी होत राहते. तैवानमधल्या चेंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की घट्ट हिरडी नसलेल्या जागी जंतुसंसर्ग आणि अपयश दोन्ही जास्त.

मग डॉक्टर सगळे स्क्रू गुलाबी पट्टीतच का बसवत नाहीत? कारण ती पट्टी अरुंद असते, आणि तिच्या मागे दातांची मुळं उभी असतात. दोन मुळांमधल्या गल्लीत स्क्रू बसवायचा तर मूळ दुखावण्याची भीती. म्हणून गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुळांपासून दूर, खालच्या दाढांच्या बाहेरच्या सपाट हाडावर किंवा वर गालाच्या हाडाच्या पायथ्याशी जाड, लांब स्क्रू बसवायची पद्धत फोफावली. भारतात तर फारच. या जागा बहुतेक वेळा सैल त्वचेतच येतात. तैवानचे ख्रिस चँग आणि अमेरिकेचे यूजीन रॉबर्ट्स यांच्या २०१५ च्या अभ्यासात खालच्या जबड्यातले असे १,६८० स्क्रू पाहिले गेले. निकामी झाले फक्त ७.२ टक्के, आणि सैल त्वचा की घट्ट हिरडी याने लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. वरच्या म्हणण्याला छेद देणारी गोष्ट वाटते, पण त्यांच्या पद्धतीत एक अट होती: स्क्रूचं डोकं त्वचेपासून किमान पाच मिलिमीटर उंच ठेवायचं, म्हणजे ब्रश खालून फिरतो आणि सुजलेली त्वचा डोक्यावर चढत नाही. जागा लाल भागात असली तरी साफ करता येण्याइतकी उंची ठेवली तर निभावतं, असा मी त्याचा अर्थ लावतो. त्वचेला चिकटून, खोलगट जागी बसवलेला स्क्रू मात्र सुजणारच.

सूज कशी चढते तेही पाहू. बसवल्यानंतर काही मिनिटांतच धातूवर लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर बसतो. काही तासांत त्यावर जंतू वस्ती करतात, आणि पुसला नाही तर दिवसागणिक तो थर जाड होत जातो. त्यांच्या विषारी स्रावांना उत्तर म्हणून शरीर तिथे पांढऱ्या पेशी आणि पाणी पाठवतं, रक्तवाहिन्या रुंदावतात. आपल्याला दिसते ती लाली आणि सूज. याला किती वेळ लागतो हे १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आर्हुसमध्ये लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांवर पाहिलं होतं, त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी. दात घासणं पूर्ण बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. तो प्रयोग दातांभोवतीच्या हिरड्यांवरचा, स्क्रूवरचा नव्हे. तरी स्वच्छतेने सूज उलटते ही गोष्ट इथेही लागू पडते, फक्त सूज हिरडीपुरती असेतोवर.

ती हाडापर्यंत उतरली की गोष्ट बदलते. आट्यांभोवतीचं हाड झिजू लागतं, पकड ढिली होते, स्क्रू किंचित हलू लागतो. हलला की फट वाढते, फट वाढली की जंतू खोल जातात. वरच्या बाजूलाही असंच चक्र सुरू असतं: सुजलेली हिरडी फुगून स्क्रूच्या डोक्यावर चढते, डोकं झाकलं की ब्रश पोचत नाही, मग सूज अजून वाढते. ओकायामाच्या मियावाकी यांच्या २००३ च्या अभ्यासात ५१ रुग्णांचे १३४ टायटॅनियम स्क्रू होते. एक मिलिमीटर व्यासाचे सगळेच निकामी झाले, १.५ मिलिमीटरचे जवळपास ८४ टक्के टिकले, आणि भोवतालची सूज हे निकामी होण्याशी जोडलेलं एक ठळक कारण निघालं. देगूच्या पार्क यांच्या २००६ च्या अभ्यासात २२७ पैकी ९१.६ टक्के टिकले, पण उजव्या बाजूचे जास्त निकामी झाले. त्याचा एक खुलासा असा देतात की उजव्या हाताने ब्रश करणाऱ्याची डावी बाजू जास्त स्वच्छ राहते. एकूण पाहता आठ-दहा स्क्रूंमागे एखादा जातो असं धरून चालावं.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो. स्क्रू सुजला की खापर रुग्णाच्या ब्रशवर फुटतं. "तुम्ही नीट साफ केलं नाही." पुष्कळदा ते खरंही असतं. पण काही वेळा क्रम उलटा असतो: हाडाची वरची कठीण साल पातळ होती, म्हणून पकड पहिल्यापासून कच्ची, किंवा स्क्रू मुळाला खेटून बसला, किंवा स्प्रिंगचं टोक हिरडीत रुततंय. स्क्रू आधी हलला, सूज मागून आली. अशा माणसाने दिवसातून सहा वेळा ब्रश केला तरी ती उतरणार नाही. चांगला डॉक्टर आधी चिमट्याने स्क्रू हलतो का ते बघतो, मगच साफसफाईवर बोलतो.

आता रजेचं गणित. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरीला पाच वर्षं व्हायची असतील तर वर्षाला किमान तीन आठवडे रजा, पुढे चार. काही कंपन्या दोन वर्षांनी एकदम दोन महिने सोडतात. आता हाडाचं वेळापत्रक बघा. बसवल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो निव्वळ दाबामुळे. पुढच्या दिवसांत आट्यांनी चेपलेलं हाड शरीर काढून टाकू लागतं आणि त्या जागी नवं भरू लागतं. जुनी पकड सुटत चाललेली आणि नवी पुरती यायची असा नाजूक काळ साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येतो, आणि हिरडी सुजायलाही तेवढेच दिवस लागतात. पण माणूस बहुतेक वेळा पहिले पंधरा दिवस लग्नं, जत्रा आणि कागदपत्रांत घालवतो आणि स्क्रू शेवटच्या आठवड्यात बसवून घेतो. म्हणजे नाजूक काळ अख्खा कॅम्पवर. शक्य असेल तर उतरल्या उतरल्या, पहिल्या दोन-तीन दिवसांतच बसवून घ्यावा आणि निघण्यापूर्वी एकदा दाखवावा. डॉक्टरांना परतीची तारीख आधीच सांगितली तर तेही त्या हिशेबाने जागा आणि जोर ठरवतात.

कॅम्पवरचं आयुष्य हिरडीला अनुकूल नाही, हे मान्य करूनच बोलायला हवं. उन्हाळ्यात, १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी असते, म्हणून पाळी पहाटे लवकर लागते आणि बस त्याहून आधी येते. एका बेसिनपुढे रांग, मागून कुणीतरी "झालं का" म्हणतंय, अशात स्क्रूभोवती ब्रश फिरवायला दोन मिनिटं कोण देणार? म्हणून माझं म्हणणं, सकाळचा ब्रश घाईत झाला तर होऊ द्या, पण रात्री झोपण्यापूर्वीचा सोडू नका. झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. उन्हात घाम जाऊन तोंड कोरडं पडतं तेव्हाही तेच, म्हणून साइटवर पाण्याची बाटली नुसती प्यायला नाही, चूळ भरायलाही वापरावी. आणि करक. दुधाचा घट्ट, गोड चहा, दिवसातून चार-पाच कप. प्रत्येक कपानंतर साखरेचा थर तारांवर आणि स्क्रूवर बसतो. करक सोडा असं मी म्हणणार नाही, कुणी ऐकणारही नाही. त्यावर पाण्याची एक चूळ भरा एवढंच.

तंबाखूबद्दल मात्र सवलत नाही. चुना मळून खालच्या ओठात किंवा गालात बार धरायची आपली सवय. खालच्या दाढांजवळचा स्क्रू नेमका त्याच खोबणीत असतो. तंबाखूचा चोथा आणि चुना दोन्ही थेट जखमेवर. सिगारेटनेही हिरडीचा रक्तपुरवठा आक्रसतो, जखम भरायला वेळ लागतो, आणि जास्त ओढणाऱ्यांत स्क्रू निकामी होण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलेलं आढळलं आहे. चघळायच्या तंबाखूवर कतारमध्ये कायद्यानेच बंदी आहे, तरी ती कुठून कशी मिळते हे वाचकाला मी सांगायला नको. मधुमेहाचंही तसंच: साखर ताब्यात नसेल तर सूज हटत नाही. कित्येकांना आपली साखर माहीतच नसते. स्क्रूच्या आधी एकदा तपासून घ्यावी.

साफ करायची रीत अशी. नेहमीच्या ब्रशने तारा आणि दात घासून झाल्यावर एकच झुपका असलेला बारीक ब्रश घ्यायचा. दोह्यातल्या मोठ्या फार्मसीत मिळतो, पण गावाहूनच दोन-तीन आणलेले बरे. गाल बोटाने बाजूला धरायचा. झुपका स्क्रूच्या मानेला, म्हणजे धातू आणि हिरडी भेटतात तिथे तिरका टेकवायचा आणि गोल फिरवायचा: वरून, खालून, पुढून, मागून. जोर नको. स्क्रूच्या डोक्यावर ब्रश आपटायचा नाही आणि स्प्रिंग ओढायची नाही. मागची बाजू नेहमी राहते, ती आरशात दिसत नाही, स्पर्शानेच कळते. पहिले काही दिवस थोडं रक्त येईल, म्हणून थांबू नये. रक्त येतं म्हणून ब्रश बंद केला की सूज वाढते, हीच चूक सर्रास होते. जीभ किंवा बोटं स्क्रूवर फिरवत राहायची सवय लागते, तीही मोडावी.

चूळ भरायचं औषध म्हणून बहुतेक डॉक्टर क्लोरहेक्सिडिन देतात, ०.१२ किंवा ०.२ टक्क्यांचं, दिवसातून दोन वेळा, मिनिटभर. टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो, म्हणून ब्रशनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. दोन आठवड्यांच्या वर आपल्या मनाने चालू ठेवायचं नाही. दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा जास्त असेल तर लवकर पडतात, आणि जिभेची चव काही दिवस बिघडते. कोमट मीठ-पाण्याच्या चुळा सूज असताना बऱ्या वाटतात आणि त्यांनी नुकसान नाही. पण दोन्हीपैकी काहीच ब्रशची जागा घेत नाही. चिकटलेला थर चुळीने निघत नाही.

बसवल्यावर दोन-तीन दिवस ठणकणं स्वाभाविक. पॅरासिटामॉलने भागतं. गालाच्या आत घासून पांढरा छाला आला तर तारेवर लावायचं मेण स्क्रूच्या डोक्यावर दाबून बसवायचं. याउलट काही खुणा दिसल्या तर पुढच्या शुक्रवारची वाट पाहू नये: दुखणं कमी व्हायच्या ऐवजी पाचव्या-सातव्या दिवशी वाढणं, मानेभोवती दाबल्यावर पू, जिभेने ढकलल्यावर स्क्रू हलल्याचं कळणं, डोकं हिरडीखाली दिसेनासं होणं, घास चावताना शेजारच्याच दाताला कळ. ही शेवटची खूण मुळाला धक्का लागल्याची असू शकते. आणि गाल बाहेरून सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला त्रास होऊ लागला तर तो दातांचा प्रश्न राहत नाही, थेट इमर्जन्सी गाठायची. इंडस्ट्रियल एरियातच २०१८ मध्ये सुरू झालेलं हझ्म मबैरीक जनरल हॉस्पिटल मुख्यतः कामगारांसाठी आहे. ॲम्ब्युलन्सचा नंबर ९९९. साध्या सुजेसाठी मात्र रेड क्रेसेंटच्या कामगार आरोग्य केंद्रापासून सुरुवात करावी, कतार आयडी आणि हेल्थ कार्ड बरोबर ठेवावं. स्क्रू बसवणं-काढणं हे ऑर्थोडॉन्टिस्टचंच काम, त्याला खाजगी क्लिनिक गाठावं लागतं.

डॉक्टर काय करतात? नुसती सूज असेल तर भोवतालचा थर खरवडून काढतात, सलाइन किंवा क्लोरहेक्सिडिनने धुतात, हिरडीत रुतणारी स्प्रिंग बदलतात. हिरडी डोक्यावर चढली असेल तर बधिर करून तेवढी छाटतात किंवा लेसरने काढतात. स्क्रू किंचित हलत असेल तर काही जण जोर कमी करून थोडे दिवस वाट पाहतात. स्पष्ट हलत असेल किंवा पू असेल तर तो काढून टाकणंच शहाणपणाचं. काढणं बसवण्यापेक्षा सोपं असतं: हिरडीवर बधिर करणारी जेली, कधी तीही नाही, आणि स्क्रू उलटा फिरवायचा. हिरडीतलं भोक काही दिवसांत मिटतं, आत हाड भरायला काही महिने जातात, म्हणून नवा स्क्रू शेजारच्या जागी बसवतात. स्क्रू गेला म्हणजे उपचार बुडाला असं नाही, वेळ लांबतो.

प्रतिजैविकांची गोळी मात्र हिरडीपुरत्या सुजेवर सहसा लागत नाही, आणि कॅम्पमधल्या मित्राच्या पाकिटातली अर्धी पट्टी तर मुळीच नको. अर्धवट कोर्सने जंतू मरत नाहीत, नुसती सूज दबते आणि डॉक्टरांची फसगत होते. गावाहून वेदनाशामक आणताना पट्टीवरची बारीक अक्षरं वाचावीत. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या भारतात सर्रास लिहून दिल्या जातात. कतारमध्ये त्या नियंत्रित औषधांत मोडतात आणि विमानतळावर सापडल्या तर प्रकरण अटकेपर्यंत जाऊ शकतं. दातदुखीच्या गोळीपायी नोकरी पणाला लावण्यात अर्थ नाही.

निघण्यापूर्वी गावच्या डॉक्टरांकडून एक कागद मागून घ्यावा. त्यावर स्क्रूची कंपनी, व्यास, लांबी, धातू, कोणत्या जागी आणि कोणत्या तारखेला बसवला, स्प्रिंगचा जोर किती, हे सगळं असावं. बरोबर एक्स-रेची प्रत. हा कागद दाखवला की दोह्यातला डॉक्टर काम हातात घ्यायला तयार होण्याची शक्यता वाढते. यात कंपनीचं नाव सर्वांत महत्त्वाचं, कारण प्रत्येक कंपनीच्या स्क्रूच्या डोक्याची खाच वेगळी असते आणि त्यात बसणारा ड्रायव्हरही त्याच कंपनीचा लागतो. सुजलेल्या हिरडीतून पुण्याचा स्क्रू काढायला खुर्चीवर बसल्यावर डॉक्टरांकडे फक्त कोरियन ड्रायव्हर निघाला तर त्या दिवशी काम होत नाही. आधी फोन करून नाव सांगितलं तर ते ड्रायव्हर मागवून ठेवू शकतात. आणि दर आठवड्याला, त्याच दिव्याखाली, गाल बाजूला ओढून स्क्रूचा एक फोटो काढून गावच्या डॉक्टरांना पाठवावा. भारताची वेळ अडीच तास पुढे असते, त्यामुळे पाळीवरून आल्यावर सहाच्या सुमारास पाठवलेला फोटो त्यांना दवाखाना बंद करतानाच्या वेळी मिळतो. लाली वाढतेय की उतरतेय हे एका फोटोवरून सांगता येत नाही. चार फोटो शेजारी ठेवले की त्यांना लगेच दिसतं.